तुमच्या सध्याच्या फोनमधलं काय आवडतं, काय खुपतं?

कैरीची डाळ

फोन बदलायचा विचार चालू आहे म्हणून यूट्यूबवरची परीक्षणं बघायला बसले आणि वैतागले. प्रोसेसर कुठला, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, गेम खेळताना फोन अडखळतो का, यापलीकडे कोणी जातच नाही. ही मंडळी फोन आठवडा-दोन आठवडे हातात ठेवतात. मला ऐकायचंय ते त्याच फोनवर दोन-तीन वर्षं काढलेल्या माणसांकडून. पावसात नेलेला, हातातून निसटलेला, आईवडिलांना शिकवलेला फोन कसा वागतो ते त्यांनाच ठाऊक.

तर सध्याच्या फोनमधलं मनापासून काय आवडतं आणि रोज काय खुपतं ते लिहा, कारणासकट लिहा. तक्रार असेल तर कंपनीचं नाव टाळा ही विनंती. नाव आलं की अँड्रॉइडवाले आणि आयफोनवाले आमनेसामने येतात आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो.

माझं आधी. डोंबिवली ते भायखळा रोजची लोकल. डब्यात एक हात वरच्या कडीला, दुसऱ्यात फोन. पडदा पावणेसात इंची, कव्हर धरून वजन सव्वादोनशे ग्रॅमच्या घरात. अंगठा समोरच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचतच नाही. पोचवायला गेलं की फोन तळहातावरून सरकतो, आणि गर्दीत खाली पडला तर वाकायलाही जागा नसते. एका हाताने वापरायची सोय असते, पडदा अर्धा खाली येतो, पण ती चालू करायलाही अंगठा ताणावा लागतोच. बायकांचे हात लहान असतात, कुर्त्याला खिसा नसतो आणि असला तर चार बोटं मावतील एवढाच. फोन आखणाऱ्यांच्या हे ध्यानात कधी येणार? ॲपलचा साडेपाच इंचांच्या आतला मिनी २०२१ मधल्या १३ मिनीनंतर निघाला नाही. अँड्रॉइडमध्येही सहा इंचांच्या आतला चांगला नवा फोन शोधावा लागतो.

आवडतं ते मराठीत बोलून लिहिणं. गूगलने ही सोय मराठीसाठी २०१७ मध्ये आणली. सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त मी घरी येऊन फोनला सांगत जाते आणि तो लिहीत जातो. ळ, ण, जोडाक्षरं नीट उमटतात. विरामचिन्हं तेवढी मागाहून हाताने घालते.

मधली आळी

माझा मुद्दा छोटा आहे. फोनला इअरफोनचं छिद्र राहिलं नाही आणि त्याबरोबर एफएम रेडिओ गेला. एफएमला अँटेना लागते, फोनमध्ये ते काम इअरफोनची वायर करायची. २०२३ मध्ये केंद्र सरकारने फोन कंपन्यांना एफएम बंद करू नका असं कळवलं होतं, कारण आपत्तीत नेटवर्क कोलमडलं तरी रेडिओ लागतो. मी कोल्हापूरचा. २०१९ चा पूर पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आताचा फोन जॅक आणि एफएम दोन्ही असलेला मुद्दाम शोधून घेतला.

आवडतं ते फोनच्या माथ्यावरचं इन्फ्रारेड. टीव्ही, एसी, सेट टॉप बॉक्स, सगळ्यांचे रिमोट एका फोनमध्ये. शाओमीच्या बऱ्याच फोनांत असतं, बाकीच्यांनीही द्यावं.

गट नंबर

मी शेतकरी, बार्शी तालुका. माझा फोन बांधावर चालला पाहिजे, बाकी सगळं नंतर. दहा-बारा हजारांतला आहे.

आवडतं ते बॅटरी. ६००० एमएएचची आहे, एकदा भरली की दोन दिवस बघावं लागत नाही. आमच्याकडं शेतीपंपाची लाईट कधी दिवसपाळीला, कधी रातपाळीला. मोटारीच्या पेटीत सिमकार्ड घातलेलं स्टार्टरचं यंत्र बसवलंय. त्याला फोन लावला की मोटार चालू, आणि लाईट गेली की त्याचाच मला फोन येतो. दारं धरायला, म्हणजे पिकात पाणी वळवायला, रानात जावं लागतंच, पण नुसती मोटार चालू करायला मध्यरात्री विहिरीपर्यंतचा हेलपाटा वाचला. पावसाळ्याच्या तोंडाला 'दामिनी' चालू असतं. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ॲप आहे, आसपास वीज पडायची शक्यता असली की आधी सांगतं. रानात बायामाणसं खुरपायला असली की मी ते दर थोड्या वेळाने बघतोच. सगळ्यांनी घ्यावं.

आता खुपणारं. उन्हात पडदा दिसत नाही. ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावरची पिकाची नोंद, २०२१ पासून ॲपवर आपली आपण करायची आहे. स्वतःच्या गटात उभं राहून उभ्या पिकाचा फोटो काढायचा, ॲप जीपीएसवरून जागा पडताळतं. सोयाबीनमध्ये भर दुपारी उभा राहिलो की पडद्यावर मला माझंच तोंड दिसतं. उजेड शेवटपर्यंत वाढवला तर फोन तापतो, आणि तापला की तो आपणहून उजेड उतरवतो. ज्या वेळी उजेड पाहिजे नेमका त्याच वेळी. शेवटी डोक्यावरचा टॉवेल पुढं ओढून त्याच्या सावलीत बघतो, उजव्या हाताने बटन दाबतो, तेवढ्यात जीपीएस हललेलं असतं. दुकानात हे कळत नाही, कारण दुकानात ट्यूबलाईट. म्हणून ज्यांना उन्हात काम आहे त्यांनी फोन दुकानाबाहेर रस्त्यावर नेऊन बघावा. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघावं.

दुसरं, बोटाचा ठसा. कांदा काढणी, खुरपं, खत, या सगळ्यात बोटांच्या रेषा झिजतात, थंडीत चिरा पडतात. रेशनच्या यंत्रावर अंगठा उमटत नाही तीच गत फोनवर. मुलाच्या फोनला पडद्याखाली ठसा घ्यायची सोय आहे, तो तर मला ओळखतच नाही. माझ्या फोनला कडेच्या बटनावर आहे, तो निदान अधूनमधून उघडतो.

सोल्डरची तार

गट नंबर दादा, तापल्यावर उजेड उतरतो तो बिघाड नाही. पडदा, प्रोसेसर, बॅटरी सगळे एका बंद पेटीत, आत पंखा नाही. उष्णता ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की सॉफ्टवेअर आधी उजेड आणि चार्जिंगचा वेग कमी करतं, बॅटरी वाचावी म्हणून. जाड रबरी कव्हर असेल तर रानात काढून ठेवा, उष्णता बाहेर पडते. बोटासाठी एक उपाय : तोच अंगठा दोन वेगळी बोटं म्हणून दोनदा नोंदवा आणि थंडीत चिरा पडल्या की पुन्हा नव्याने नोंदवा.

माझं नाशिकला मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. फोनबद्दल लोक काय म्हणतात ते दिवसभर कानावर येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात जास्त येणारी तक्रार म्हणजे 'फोन स्लो झाला'. प्रोसेसर दोन वर्षांत म्हातारा होत नाही. स्वस्त फोनांत साठवणीला ईएमएमसी जातीची चिप असते, वरच्या किमतीत यूएफएस. ईएमएमसी एका वेळी एकतर वाचते नाहीतर लिहिते, दोन्ही एकदम करत नाही. ती भरत आली की आणखी मंदावते. वर व्हॉट्सॲपच्या ग्रुपांमधले सुप्रभातचे फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरत राहतात. आपोआप डाउनलोड बंद करा आणि दहा-पंधरा टक्के जागा कायम मोकळी ठेवा, निम्मे स्लो फोन एवढ्यावर सुधारतात. 'व्हर्च्युअल रॅम' म्हणून जे मिळतं ते त्याच साठवणीतून कापून घेतलेलं असतं, खऱ्या रॅमचा वेग त्याला नसतो. फोन घेताना जाहिरातीतली बेरीज बघू नका, खरी रॅम किती ते विचारा.

दुसरी तक्रार पडद्यावरच्या उभ्या रेघेची. हिरवी, कधी गुलाबी. अमोलेड जातीच्या पडद्यांवर येते, फोन पडलेला नसतो, भिजलेला नसतो. बऱ्याच जणांना ती अपडेटनंतर दिसते म्हणून राग अपडेटवर निघतो. माझ्या टेबलावर जे दिसतं त्यावरून सांगतो, पडद्याच्या काठाशी केसाएवढ्या जोडण्यांची लवचीक पट्टी असते, ती उष्णतेने कमजोर झालेली असते. अपडेटच्या वेळी फोन तापतो आणि उरलीसुरली जोडणी सुटते. पट्टी वेगळी मिळत नाही, अख्खा पडदा बदलावा लागतो, आणि जुन्या फोनच्या बाजारभावाएवढा नव्या पडद्याचा खर्च येतो. काही कंपन्यांनी ठरावीक मॉडेलांना असे पडदे मोफत बदलून दिलेत. त्यामुळे वॉरंटी संपलेली असली तरी आधी अधिकृत केंद्रात विचारा, मग आमच्याकडे या.

मला स्वतःला सगळ्यात खुपतं ते चिकटवणं. पूर्वी नखाने मागचं झाकण उघडायचं, बॅटरी हातात यायची. आता फोन आधी गरम पाटावर ठेवायचा, गोंद मऊ झाला की काठात प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवायची, तीही बेताने, कारण दोन मिलिमीटर आत गेली तर खालची पट्टी कापली जाते. झाकण सुटलं की आत बॅटरी पुन्हा गोंदावर बसवलेली. गोंद सुटावा म्हणून कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडायचे, वाट बघायची, मग ती न वाकवता वर काढायची. वाकली तर आतून शॉर्ट होऊन पेट घेऊ शकते. नव्या पोराच्या हाती मी हे काम देत नाही. बॅटरी ही संपणारी वस्तू आहे हे कंपनीला फोन बनवतानाच माहीत असतं, मग ती अशी का बसवायची?

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल काढलंय, तिथे सहभागी कंपन्यांची दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती मिळते. अधिकृत केंद्राने अडवणूक केली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. लोक नोंदवत नाहीत, तिथेच सोडून देतात.

माझा फोन मोटोरोलाचा. आवडतं ते एकच, फोन धरून मनगट दोनदा झटकलं की टॉर्च लागतो. टेबलाखाली स्क्रू पडला की कळतं ती काय सोय आहे.

कानांनी वाचतो

मला दिसत नाही. फोन टॉकबॅकवर वापरतो. पडद्यावर बोट फिरवलं की बोटाखाली जे असेल ते फोन वाचतो, दोनदा टिचकी मारली की उघडतो.

मधली आळी, जॅकचा मुद्दा माझ्यासाठी रेडिओपेक्षा मोठा आहे. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा येतो. गाणं ऐकताना कोणाला कळणारही नाही. मी मात्र आवाजावरच चालतो. बोट पुढच्या बटनावर गेलेलं असतं आणि कानात मागच्याचं नाव येतं. मग प्रत्येक ठिकाणी थांबून वाट बघायची. वायरला हा उशीर नाही. आणि इअरफोन नसेल तर खात्यातली शिल्लक बँकेतल्या सगळ्या रांगेला ऐकू जाते.

आवडणारं पुष्कळ आहे. मराठी आवाज आता बराच स्वच्छ झालाय, वेग वाढवून ऐकला तरी शब्द तुटत नाहीत. रिझर्व्ह बँकेचं 'मनी' नावाचं ॲप २०२० च्या जानेवारीत आलं, कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ती कितीची ते बोलून सांगतं, इंटरनेटशिवाय. डोळस माणसांना याचं मोल कळावं म्हणून सांगतो : १०० ची नवी नोट लांबीला १४२ मिलिमीटर, २०० ची १४६, ५०० ची १५०, आणि रुंदी सगळ्यांची एकच. चार मिलिमीटरचा फरक बोटांनी, रिक्षातून उतरताना, मागे गाड्या हॉर्न देत असताना ओळखायचा. फोन नसताना मी रिक्षावाल्याच्या शब्दावर विसंबून होतो.

खुपतं ते बिननावाचं बटन. ॲप बनवणाऱ्याने बटनाला नाव दिलं नसेल तर टॉकबॅक नुसतं 'बटन' म्हणतो. एका ओळीत चार असतील तर बटन, बटन, बटन, बटन. त्यातलं कोणतं पैसे पाठवतं आणि कोणतं रद्द करतं? नाव देणं म्हणजे प्रोग्रॅममध्ये एक ओळ लिहिणं आहे. मी क्रम पाठ करतो, पुढच्या अपडेटमध्ये तो बदलतो. केवायसीला तर 'डोळे मिचकावा' असं सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि केवायसी सर्वांना करता येईल अशी बनवायला सांगितलं. इथे ॲप लिहिणारे कोणी असतील तर त्यांनी एकदा टॉकबॅक चालू करून, डोळे मिटून, आपल्याच ॲपमधून शंभर रुपये पाठवून बघावेत.

खाडीकाठ

माझी मालवणात खानावळ. हात दिवसभर ओले. सुरमई कापून झाली की तांदळाचं पीठ, मग कोकमाचं आगळ, मध्येच फोन वाजतो. पदराला हात पुसला तरी बोट ओलं असतंच आणि पडद्याला ते समजत नाही. वर पाण्याचा थेंब पडला तर त्यालाच बोट समजून फोन आपला आपण काहीतरी उघडतो. जेवणाच्या वेळेला पर्यटकांचे फोन येतात, 'ताई, सहा थाळ्या ठेवा', आणि मला हिरवं बटन सरकवता येत नाही. पूर्वीच्या फोनला खरी बटनं होती, ती करंगळीच्या टोकानेही दाबली जायची. आवाज वाढवायच्या बटनाने फोन उचलता आला तर माझं निम्मं काम होईल.

खाऱ्या हवेने चार्जिंगचं भोक हिरवं पडतं. आधीचे फोन तिथेच गेले. म्हणून या वेळी वायरशिवाय चार्ज होणारा घेतला, थोडे जास्त पैसे गेले. पण हीच गोष्ट मला सगळ्यात आवडते. रात्री तबकडीवर ठेवायचा, सकाळी उचलायचा. भोकाला रबराचं बूच लावून टाकलंय. घर चिऱ्याचं, भिंती जाड, आत रेंज येत नाही. वायफायवरून साधा कॉल लागतो ते दुसरं सुख.

राग येतो तो एका गोष्टीचा. जाहिरातीत फोन पाण्यात बुडवून दाखवतात आणि वॉरंटीच्या कागदात पाण्याने बिघडला तर जबाबदारी नाही असं लिहिलेलं असतं. मग दाखवता कशाला?

सोल्डरची तार

खाडीकाठ ताई, राग रास्त आहे. आयपी म्हणजे फोन धूळ-पाणी किती अडवतो त्याचा दर्जा. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ६८ मध्ये खोली आणि वेळ कंपनी ठरवते. पण चाचणी गोड्या, स्थिर पाण्यातली आणि नव्या फोनची असते. आतलं रबर आणि गोंद वर्षागणिक सुकतो. एकदा दुरुस्तीला उघडलेला फोन नवीन सील न बसवता बंद केला तर पाण्याला त्याची अडकाठी उरत नाही. दुरुस्तीवाल्याला सील बदललं का हे विचारत जा.

समुद्राच्या पाण्यात पडला तर लगेच बंद करा. पाणीरोधक फोन असेल तर साध्या पाण्याने हलकेच खळखळून घ्या, मीठ सुकून आत बसू देऊ नका. पूर्ण सुकेपर्यंत चार्जर लावू नका. आणि तांदळात पुरू नका. तांदळाची पावडर भोकात जाऊन बसते, ती मी टाचणीने काढत बसतो. ॲपलनेही आपल्या सूचनांमध्ये तांदूळ नको असं लिहिलंय.

कृष्णकमळ

मला कॅमेऱ्याबद्दल बोलायचंय. मेगापिक्सेलबद्दल नाही.

माझी मुलगी सावळी आहे, माझ्यावर आणि माझ्या आईवर गेलीय. या फोनमध्ये तिचा फोटो काढला की ती उजळ येते. ब्यूटी बंद आहे, फिल्टर बंद आहेत, तरी सॉफ्टवेअर चेहरा शोधतं आणि तेवढाच भाग उजळवतं, गुळगुळीत करतं. शाळेच्या स्नेहसंमेलनात नऊवारी नेसलेली, डोळ्यांत काजळ, तिच्या हनुवटीवर लहानपणीची एक खूण आहे. फोटोत खूण नाही. ती फोटो बघून म्हणाली, "आई, हा छान आलाय, यात मी गोरी आहे." त्या क्षणी मला त्या फोनची चीड आली. घरात आम्ही रंगावरून एक शब्द काढत नाही. तिला हे फोनने शिकवलं.

तेव्हापासून मी हाताने फोटो काढायला शिकले. चेहऱ्यावर बोट ठेवलं की बाजूला सूर्याचं चिन्ह येतं, ते थोडं खाली ओढायचं. एचडीआर, म्हणजे फोटोतला उजेड-अंधार फोनने आपणहून जुळवायची सोय, बंद. खिडकीच्या बाजूच्या उजेडात उभं करायचं, ट्यूबखाली नाही. प्रो मोड असेल तर रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेला कच्चा फोटो, जपायची, तिच्यावर सॉफ्टवेअरचा हात कमी फिरतो. असे काढलेले फोटो तिच्या आजीला दाखवले तर ती म्हणाली, आता आपली पोर दिसतेय. गूगलने २०२१ मध्ये पिक्सेल ६ बरोबर सगळ्या त्वचावर्णांसाठी कॅमेरा सुधारल्याचं जाहीर केलं होतं, म्हणजे मनात आणलं तर जमतं. ज्या देशात बहुतेक लोक सावळे आहेत तिथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनला हे जमलं पाहिजे.

राइनकाठ

कृष्णकमळ, खूप आवश्यक लिहिलंत.

मी जर्मनीत कोलोनला असतो. सोल्डरची तार यांच्या चिकटवण्याच्या मुद्द्याला धरून सांगतो. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विकायला येणाऱ्या फोनांना नवे नियम लागू झालेत. मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत, पाच वर्षं सॉफ्टवेअर अपडेट, आणि बॅटरी ८०० वेळा भरल्यावरही तिची निदान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. खोक्यावर फ्रिजला असतं तसं लेबल असतं, त्यात दुरुस्ती किती सोपी याचा वर्ग छापलेला. दुकानात मी आता ते अक्षर आधी बघतो. फेब्रुवारी २०२७ पासून बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता येण्याचाही नियम येतोय, त्यात काही सवलती आहेत.

माझ्याकडे फेअरफोन आहे. चार्जिंगचं भोक सैल झालं तेव्हा सुटा भाग मागवला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर साध्या स्क्रूड्रायव्हरने बदलला. हीच त्याची आवडणारी गोष्ट, आणि मला दुसरी लागत नाही. फोन भारतात अधिकृतपणे मिळत नाही. पण चार्जिंगच्या यूएसबी-सी भोकाचं उदाहरण बघा. नियम युरोपचा, आणि २०२३ पासून आयफोनलाही सगळीकडे तेच भोक आलं.

कैरीची डाळ

किती वेगवेगळी कामं आणि किती वेगवेगळे फोन! सोल्डरची तार, एक विचारते. माझ्या फोनची बॅटरी संध्याकाळी परतीच्या गाडीत संपते, बाकी फोन ठीक आहे. बॅटरी बदलावी की फोनच?

सोल्डरची तार

ताई, आधी दोन गोष्टी बघा. एक, सुरक्षेचे अपडेट अजून येतात का. सेटिंग्जमध्ये शेवटच्या अपडेटची तारीख असते. वर्षभर काही आलं नसेल तर बँकेची कामं त्या फोनवर ठेवू नका. सॅमसंगच्या एस २४ ला आणि पिक्सेल ८ ला सात वर्षांच्या अपडेटचं आश्वासन आहे, पण चार वर्षांपूर्वीच्या मधल्या किमतीच्या फोनांना एवढं नव्हतं. दुसरं, मागचं झाकण किंवा पडदा कडेने उचलल्यागत वाटतो का. तसं असेल तर बॅटरी फुगलीय, चार्जिंग बंद करा आणि त्याच दिवशी दाखवा.

अपडेट येत असतील तर बॅटरी बदला, अधिकृत केंद्रातूनच. बाहेरच्या बॅटऱ्यांवर छापलेला आकडा आणि आतली क्षमता यांचा मेळ नसतो. नवी बसली की ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय चालू करा आणि रात्री उशीखाली ठेवून चार्ज करू नका. लिथियमची बॅटरी उष्णतेने आणि कायम पूर्ण भरलेली राहिल्याने लवकर थकते.

उत्तररंग

वय पंचाहत्तरीच्या पुढे, पुण्यात राहतो, दोन्ही कानांना यंत्रं. मला फोनमधलं सगळ्यात आवडतं ते समोरच्याचं बोलणं अक्षरांत दाखवणारं गूगलचं ॲप, लाइव्ह ट्रान्स्क्राइब. मराठीतही चालतं. डॉक्टर मास्क लावून बोलतात, ओठ दिसत नाहीत. फोन टेबलावर ठेवतो आणि वाचत जातो. पूर्वी मुलगा बरोबर लागायचा आणि डॉक्टर त्याच्याशीच बोलायचे, माझ्याशी नाही. आता माझ्या प्रकृतीबद्दल माझ्याशी बोलतात.

दुसरं, गोळ्यांच्या पाकिटावरची मुदत. चकचकीत पत्र्यावर ठसा उठवलेला असतो, शाई नसते. फोटो काढून बोटांनी मोठा केला की वाचता येतो.

खुपतं ते असं की अक्षर मोठं केलं की बाकीचं मोडतं. वाक्य अर्ध्यात कापलं जातं आणि 'पुढे' हे बटन पडद्याच्या खाली निघून जातं. वीजबिल भरताना निम्म्यात अडकून पडतो. अक्षर लहान केलं तर बटन दिसतं, वाचता येत नाही. शिवाय बोटं कोरडी पडल्याने स्पर्श लागत नाही, दोन-दोनदा दाबावं लागतं आणि मग दोनदा उघडतं. अक्षराचं काही करता येतं का?

कानांनी वाचतो

काका, येतं. अक्षर मधल्या आकारावर आणा. मग सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन मॅग्निफिकेशन चालू करा आणि त्याचा शॉर्टकट तीनदा टिचकी असा निवडा. पडद्यावर कुठेही तीनदा टिचकी मारली की तेवढा भाग मोठा होतो, दोन बोटांनी सरकवून बाकीचं वाचायचं, पुन्हा तीनदा मारलं की पूर्ववत. यात ॲपची मांडणी मोडत नाही, त्यामुळे 'पुढे' जागेवर राहतं.

स्पर्शासाठी तिथेच बोट किती वेळ दाबून धरायचं आणि लागोपाठचे स्पर्श गाळायचे का, याचे पर्याय बऱ्याच फोनांत असतात. दुसरा चालू केला की दोनदा उघडणं थांबेल. पडद्यावर जाड काच चिकटवली असेल तर सेटिंग्जमध्ये स्पर्शाची संवेदनशीलता वाढवायचं बटनही शोधा, काही फोनांत ते डिस्प्लेखाली असतं. सापडलं नाही तर फोनचं मॉडेल लिहा, मी वाट सांगतो.